गिअरच्या दांड्याशेजारी दुसरा दांडा : जुन्या ट्रॅक्टरचा जादा गिअरबॉक्स ओळखायचा कसा आणि वापरायचा कसा?

खाडीपलीकडे (गुहागर)

नमस्कार मंडळी. घरी करड्या रंगाचा जुना फर्ग्युसन ट्रॅक्टर आहे. आजोबांच्या चुलत भावाने घाटावरच्या एका शेतकऱ्याकडून घेतला होता. बरीच वर्षं पडवीत उभा होता, आता इंजिन नीट चालू झालंय. पुढचे चार गिअर, मागचा एक, आणि स्टार्टरसुद्धा गिअरच्या दांड्यानेच लागतो. त्यामुळे गाडी टी.ई.२० मॉडेलची आहे याबद्दल शंका नाही.

शंका दुसऱ्याच गोष्टीची आहे. मुख्य गिअरच्या दांड्यामागे आणखी एक आखूड दांडा आहे. पुढे एक जागा, मागे एक जागा, मध्ये न्यूट्रल असावं असं वाटतं. मूळ मॅन्युअलच्या चित्रात हा दांडा कुठेच नाही. तो जिथून वर येतो तिथे दोन हौसिंगच्या मध्ये तीन-चार बोटं रुंदीची वेगळी ओतीव कडी बसवलेली दिसते. तिचे बोल्ट वेगळे आहेत, रंगही वेगळा. पाटीसाठी रिव्हेटची दोन भोकं आहेत, पाटी मात्र गेलेली.

गावात विचारलं तर एक जण म्हणतो हा जादा ताकदीचा गिअर, दुसरा म्हणतो रस्त्यावर पळवायचा, आणि तिसरा म्हणतो हात लावू नको, आतले दाते जातील. मला या गाडीवर दोन कामं करायची आहेत. कलमांच्या बागेत पीटीओवरची (म्हणजे मागच्या बाजूला यंत्रं फिरवायला असलेल्या शाफ्टवरची) फवारणी आणि खाचरात लहान रोटाव्हेटर. मृग लागायच्या आत हे प्रकरण कळायला हवं. खोलायच्या आधी बाहेरून काय काय तपासता येईल?

---

दापोलीचा मेस्त्री

आधी एक सांगतो, खोलू नका. बाहेरून सगळं कळतं.

जुन्या ट्रॅक्टरला तीन किंवा चारच गिअर असायचे. नांगराला एक वेग लागतो, रोटाव्हेटरला त्याच्या निम्म्याहून कमी, आणि ट्रॉली घेऊन रस्त्याला लागलं की कितीतरी जास्त. एवढ्या पल्ल्यात चार गिअर पुरत नाहीत. म्हणून कंपन्यांनी आणि बाहेरच्या कारखान्यांनी मुख्य गिअरबॉक्सच्या पुढे किंवा मागे बसणारा दुसरा लहान गिअरबॉक्स काढला. काही वेग कमी करतात, काही वाढवतात, काही दोन्ही करतात. बाहेरून दांडा सारखाच दिसतो, त्यामुळे दांडा बघून अंदाज बांधू नका.

मी तीन गोष्टी बघतो. बॉक्स बसलाय कुठे, पीटीओवर त्याचा परिणाम होतो का, आणि वेगाचं प्रमाण किती.

पीटीओची चाचणी सोपी आहे, गाडी जागची हलवावी लागत नाही. सपाट जागेवर उभी करा, चाकांना पुढून-मागून दगड लावा, हँडब्रेक ओढा. मुख्य गिअर न्यूट्रलला. पीटीओला काहीही जोडलेलं नको. शाफ्टच्या टोकावर खडूची रेघ मारा आणि इंजिन अगदी हळू रेसवर ठेवून पीटीओ लावा. मग क्लच पूर्ण दाबून जादा दांडा एका जागेवर घ्या, क्लच सोडा, रेघ बघा. परत क्लच दाबून दुसऱ्या जागेवर. मधल्या न्यूट्रललाही बघा.

दांडा बदलल्यावर पीटीओचा वेग बदलला, किंवा न्यूट्रलला पीटीओच थांबला, तर बॉक्स क्लच आणि मुख्य गिअरबॉक्सच्या मध्ये आहे. काहीच फरक पडला नाही तर तो मुख्य गिअरबॉक्सच्या मागे आहे. ही एक गोष्ट कळली की निम्मं कोडं सुटतं, कारण वापराचे नियम तिच्यावरच ठरतात. बघताना पीटीओपासून चार हात लांब उभे राहा. लुंगी, सैल सदरा, गळ्यात टॉवेल, यातलं काही अंगावर नको.

प्रमाण काढायला मोकळ्या सपाट जागेवर २० मीटर मोजून दोन खुंट्या ठोका. हातरेसचा दांडा एका खाचेत ठेवा आणि चाचणी संपेपर्यंत तिथून हलवू नका. पहिल्या गिअरला जादा दांडा पुढे ठेवून एक वेळ घ्या, मागे ठेवून दुसरी. खुंटीच्या बरंच आधीपासून गाडी चालू असू दे, म्हणजे वेग स्थिर होईल. दोन वेळांचा भागाकार म्हणजे तुमच्या बॉक्सचं प्रमाण. मीटरला सेकंदाने भागून ३.६ ने गुणलं की ताशी किलोमीटर मिळतात.

आकडे आले की इथे टाका, मग पुढचं बोलू.

---

देवरूख ते डेट्रॉइट

धागा बघून राहवलं नाही. मी मिशिगनमध्ये असतो आणि माझ्याकडे फोर्ड ८एन आहे, जादा गिअरबॉक्ससकट. तुमच्या फर्ग्युसनचा हा सख्खा चुलत भाऊ. १९३९ चा फोर्ड ९एन हॅरी फर्ग्युसनच्या हायड्रॉलिकवरच उभा होता. पुढे १९४७ मध्ये फोर्डने वेगळं होऊन ८एन काढला आणि फर्ग्युसनने इंग्लंडमध्ये कॉव्हेंट्रीला १९४६ पासून टी.ई.२० सुरू केला होताच.

इकडे फोर्डच्या या जुन्या गाड्यांवर शर्मन नावाचा बॉक्स फार प्रसिद्ध आहे. शर्मन प्रॉडक्ट्स ही इथलीच, मिशिगनमधल्या रॉयल ओकची कंपनी. त्यांचे तीन प्रकार होते. एक वेग वाढवणारा, एक कमी करणारा आणि तिसरा दोन्ही करणारा. ९एन आणि २एनला तीन गिअर, ८एनला चार, म्हणून एकाचा बॉक्स दुसऱ्यात जात नाही. जुन्या बाजारात घेताना लोक इथेच फसतात.

शर्मन मुख्य गिअरबॉक्सच्या पुढे बसतो. म्हणजे मेस्त्रींनी सांगितलेल्या चाचणीत माझ्या गाडीचा पीटीओ बदलतो. आणि या गाड्यांचा हायड्रॉलिक पंप पीटीओच्याच शाफ्टवर चालतो, म्हणून लिफ्टचाही वेग बदलतो. वेग कमी करणाऱ्या बाजूला नांगर उचलायला जास्त वेळ लागतो. वाढवणाऱ्या बाजूला तर फार सांभाळावं लागतं. पीटीओ मिनिटाला ५४० फेऱ्यांसाठी बनवलेला असतो. रस्त्यासाठी टाकलेला ओव्हरड्राइव्ह (वेग वाढवणारी जागा) काढायचा राहिला आणि गवत कापायचं यंत्र जोडलं, तर पाती ठरलेल्या वेगाच्या कितीतरी वर जातात. पातं सुटून उडालं तर माणूस मरतो. मी तर डॅशवर लाल रंगाने लिहूनच ठेवलंय : पीटीओ असताना डायरेक्ट (म्हणजे सरळ जोडणी).

टी.ई.२० साठी वेग कमी करणारे बॉक्स इंग्लंडमध्ये निघाले होते, त्यात हॉवर्डचा होता. हॉवर्ड म्हणजे रोटाव्हेटरवाले. ए. सी. हॉवर्ड मूळचा ऑस्ट्रेलियन, फिरत्या पात्यांनी जमीन मोकळी करायचे प्रयोग त्याने १९१२ च्या सुमारास तिथेच सुरू केले आणि पुढे इंग्लंडमध्ये कारखाना काढला. रोटाव्हेटर विकायचा तर तो ओढणारा ट्रॅक्टर हळू चालायला हवा, हे त्याच्याएवढं कुणाला ठाऊक असणार!

---

लाल मॅसी (चिपळूण)

माझ्याकडे जुनी मॅसी १०३५ आहे. तिलाही दोन दांडे आहेत. म्हणजे हाच प्रकार का? बाबा सांगायचे की हाय-लोचा दांडा न्यूट्रलला नसेल तर गाडी स्टार्टच होत नाही.

---

वरकस

लाल मॅसी, तत्त्व तेच, पण तुमचा बॉक्स कंपनीनेच आत बसवलेला आहे. १९५६ च्या फर्ग्युसन ३५ पासून तो त्या घराण्यात आला आणि टाफे कंपनीने ती परंपरा भारतात चालवली. जुन्या ३५ मध्ये मुख्य गिअर तीनच. त्यांच्या मागे एपिसायक्लिक, म्हणजे मध्ये एक गिअर, भोवती फिरणारे लहान गिअर आणि बाहेरून दातेरी कडं. हायला सरळ जोडणी, लोला वेग एक चतुर्थांश. तीन गुणिले दोन, सहा पुढचे आणि दोन मागचे. बाबांचं म्हणणं बरोबर आहे. हाय-लोचा दांडा न्यूट्रलला असल्याशिवाय स्टार्टर लागू नये म्हणून तिथे सेफ्टी स्विच असतो. कुणी तो बायपास केला असेल तर पहिल्यांदा तो नीट करून घ्या.

४:१ हे प्रमाण मला फार आवडतं, कारण त्यात हुशारी आहे. लोचा तिसरा हायच्या पहिल्यापेक्षाही हळू पडतो. एकही गिअर दुसऱ्यावर चढत नाही, सहाच्या सहा वेगळे मिळतात. मागाहून बसवलेल्या बॉक्सना हे नेहमी साधत नाही. कागदावर आठ गिअर दिसतात, प्रत्यक्षात त्यातले दोन जवळपास सारखे निघतात.

आपल्याकडची जुनी बी-२७५ गाडी बघा. आठ पुढचे, दोन मागचे. तीही चार गुणिले दोनच. म्हणजे दुसरा दांडा दिसला की तो मागाहून बसवलेलाच असेल असं नाही. मॉडेल आधी ओळखा, त्याला कारखान्यातून किती गिअर येत होते ते शोधा, मग जादा काय आहे ते कळेल. पॉवर टिलरवाल्यांना तर हे सवयीचं असतं, तिथेही हाय-लो असतोच.

---

खाडीपलीकडे

मेस्त्रीकाका, चाचण्या केल्या. पीटीओची रेघ दांडा पुढे, मागे, मध्ये, कुठेही ठेवला तरी एकाच चालीने फिरते. लिफ्टही तशीच उचलते. म्हणजे बॉक्स मागे आहे.

२० मीटरला पहिल्या गिअरमध्ये दांडा पुढे असताना २४ सेकंद लागले, मागे असताना ७२. म्हणजे ताशी ३ किलोमीटर आणि ताशी १ किलोमीटर. बरोबर तिप्पट फरक. वेग वाढवणारी जागा नाहीच, पुढची जागा सरळ जोडणी आहे. वरकसताई म्हणतात तसं चौथ्याला लो टाकून बघितलं. दुसऱ्या डायरेक्टला जेवढा वेळ लागतो तेवढाच जवळपास लागला.

आता हा कुणाचा बॉक्स म्हणायचा?

---

दापोलीचा मेस्त्री

छान काम केलंत. हा मागे बसणारा ३:१ रिडक्शन. पाटी नाही तर नाव ठामपणे घालू नका. कडीच्या खालच्या बाजूला ओतीव आकडा असतो, तो ग्रीसखाली दबलेला असेल. डिझेलने पुसून, वर खडू घासून फोटो काढा. उद्या बेअरिंग किंवा ऑइल सील लागलं तर तो आकडा उपयोगी पडेल. नावावरून पार्ट मागवू नका, माप घेऊनच मागवा. बेअरिंगवर नंबर असतो, सीलवर तीन मापं असतात. एवढं असलं की रत्नागिरी-चिपळूणच्या दुकानातही चालणारा माल मिळतो.

वापराचा पहिला नियम : हा दांडा गाडी उभी असतानाच हलवायचा. पूर्ण उभी. यात सिंक्रो, म्हणजे दात्यांचे वेग आधी जुळवून घेणारी सोय, नाही. चालत्या गाडीत टाकायला गेलात तर दाते एकमेकांवर घासतात आणि टोकं गोल होतात. एकदा टोकं गोल झाली की ओझ्याखाली दांडा आपोआप न्यूट्रलला निसटायला लागतो. सपाटीवर निसटला तर काम थांबेल. उतारावर निसटला तर काय होईल ते सांगायला नको. म्हणून आजच एक तपासणी करा. लो टाकून सपाट जागेवर थोडं ओझं ओढा आणि बोट नुसतं दांड्याला टेकवून ठेवा. दांडा थरथरत सरकायला बघत असेल तर आतली स्प्रिंग-गोळी किंवा फोर्क झिजलाय.

---

चिरेखाण (लांजा)

मेस्त्री, एक विचारतो. आम्ही जांभ्याचे चिरे वाहतो. आमच्या जुन्या गाडीला असाच लो आहे. डायरेक्टला जी ट्रॉली चढत नाही ती लोला आरामात चढते. मग याला जादा ताकदीचा गिअर म्हणायला हरकत काय?

---

वरकस

चिरेखाणदादा, इथेच सगळं अडतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तिप्पट रिडक्शन लावलं की चाकावर पोचणारा पीळ (फिरवायचा जोर) जवळपास तिप्पट होतो, हे खरं. पण तो पीळ सोसणारा पिनियन आणि क्राऊन हे मागचे गिअर, ॲक्सल आणि शाफ्टची चावी, हे सगळं तेच आहे. कंपनीने ते मूळ चार गिअरच्या हिशेबाने बनवलं होतं. बाहेरचा बॉक्स बसवला म्हणून मागचा ॲक्सल जाड होत नाही.

डायरेक्टमध्ये ओझं फार झालं की इंजिन दबतं, आवाज बदलतो, धूर येतो, शेवटी बंद पडतं. ही गाडीने दिलेली सूचना असते. लोमध्ये ती सूचनाच नाहीशी होते. इंजिन मजेत चालत राहतं. चाक फिरत नाही आणि आवाजही बदलत नाही, तेव्हा आतले दाते सगळा भार घेत असतात. मातीत चाक घसरतं तोवर ठीक, घसरणं हाच तेव्हा फ्यूज असतो. पण जांभ्याच्या कोरड्या सड्यावर (खडकाळ माळावर), चाकात पाणी भरलेलं किंवा वर वजन लावलेलं असेल तर चाक घसरत नाही. मग सगळ्यात कच्चा जो भाग असेल तो जातो.

हे बॉक्स हळू चालण्यासाठी निघाले. रोटाव्हेटरचं उदाहरण घ्या. पीटीओ ५४० ला ठेवायचा तर इंजिनची रेस कमी करता येत नाही. त्या रेसला टी.ई.२० पहिल्या गिअरमध्येही जवळजवळ माणसाच्या चालीने जातो. एवढ्या वेगाने ओढलं तर रोटाव्हेटरची पाती मोठी ढेकळं काढतात, इंजिनही दबतं. लो टाकला की पाती त्याच वेगाने फिरतात पण गाडी तिसरा हिस्सा अंतर कापते. प्रत्येक पात्याच्या वाट्याला पातळ काप येतो. इथे चाकावर पीळ फारसा येतच नाही, कारण इंजिनची बहुतेक शक्ती पीटीओतून जाते. म्हणून हा वापर बॉक्सच्या प्रकृतीला मानवतो.

ट्रॉलीचं म्हणाल तर, चढवता येते म्हणजे उतरवता येते असं नाही. किती भरायचं ते ब्रेकवर आणि ट्रॅक्टरच्या वजनावर ठरवा. हजार-बाराशे किलोच्या गाडीमागे तिच्या कितीतरी पट चिरे लावले, तर उतारावर ट्रॉलीच ट्रॅक्टरला ढकलते.

---

चिरेखाण

पटलं ताई. आमच्या शेजारच्या खाणीवरच्या गाडीचा ॲक्सल असाच गेला होता आणि सगळे म्हणत होते की लोखंड हलकं. मग उताराचं सांगा. आमच्याकडे सडा वर, नदी खाली. रोजचा उतार.

---

दापोलीचा मेस्त्री

उतार लागायच्या आधी, सपाटीवर थांबून गिअर ठरवायचा. रिकाम्या मनाने विचार करा की हीच भरलेली ट्रॉली वर चढवायला कुठला गिअर लागला असता. त्याच गिअरने उतरायचं. मधे काही बदलायचं नाही. ना मुख्य, ना जादा. दोन दांडे म्हणजे दोन न्यूट्रल. एकातून निघून दुसऱ्यात जाईपर्यंत इंजिनचा धरून ठेवणारा हात सुटतो आणि भरल्या ट्रॉलीत तो परत मिळत नाही. दोन्ही ब्रेकचे पेडल पट्टीने जोडलेले हवेत. शेतात वळायला सुटे करतात आणि रस्त्याला येताना जोडायचे राहतात. एकाच चाकाला ब्रेक लागला तर गाडी गडग्यावर जाते.

---

देवरूख ते डेट्रॉइट

यात एक भर. चालत्या गाडीत, क्लच न दाबता बदलता येणारे जादा गिअरही निघाले होते. इंटरनॅशनल हार्वेस्टरने १९५४ मध्ये सुपर एम-टीए या ट्रॅक्टरवर टॉर्क ॲम्प्लिफायर आणला. दांडा ओढला की ओझ्याखालीच वेग कमी होऊन ओढ साधारण दीडपट होते. ॲलिस-चाल्मर्सने १९५७ च्या डी-१७ वर पॉवर डायरेक्टर दिला. मॅसी फर्ग्युसनचं मल्टी-पॉवर १९६२ चं.

यातल्या टॉर्क ॲम्प्लिफायरचा आणि मल्टी-पॉवरचा एक गुण उतारावर घातक आहे. लोमध्ये शक्ती एकाच दिशेने धरणाऱ्या क्लचमधून जाते. इंजिन चाकाला ढकलू शकतं, पण चाक इंजिनला ढकलू शकत नाही. सायकलचं पेडल थांबवलं तरी चाक फिरत राहतं ना, तसंच. म्हणजे उतारावर लो टाकून निर्धास्त बसलात तर इंजिन ब्रेकिंग शून्य, गाडी मोकळी सुटते. अशा गाडीला उतारावर हायमध्येच ठेवतात आणि मुख्य गिअर खालचा निवडतात. नेहमीच्या समजुतीच्या हे उलटं आहे, म्हणून जुनी मल्टी-पॉवर मॅसी कुणाच्या हातात आली तर पहिल्यांदा हे समजून घ्या.

खाडीपलीकडे यांचा बॉक्स दातेरी आहे. त्यात हा प्रश्न नाही. हलक्या उतारावर लोला गाडी हळू सोडून, दांडा मोकळा सरकतोय का आणि इंजिन गाडीला धरून ठेवतंय का, एवढं बघा.

---

कुणगो (कुडाळ)

चिखलाचा माजो अनुभव सांगतंय. आमच्याकडे कुणगे ल्हान, मेरेक लागान मेर. ट्रॅक्टर रुतलो काय सगळे पयली रेस वाडवतत. चाक फिरता तितक्या खाली जाता. लो घातलो म्हणान चिखल काय घट जाणा नाय. रुतलो काय गाडी थांबवा, उतरा, चाकामागचो चिखल खोऱ्यान काढा आणि रिव्हर्स लो टाकून सावकाश मागे घेवा. ज्या वाटेन गेलो ती वाट दाबलेली आसता, तीच भायर काढता. आणि एक. मागच्या चाकांका आडवो वासो बांदून गाडी काढूची सवय आसा काय जणांका. ता करू नकात. आमच्या बाजूच्या गावात तसा करताना गाडी उलटली.

---

वरकस

कुणगो यांनी जे सांगितलंय ते सगळ्यांनी दोनदा वाचा. चाकाला वासा बांधला की चाक फिरायला जागाच उरत नाही. इंजिन ॲक्सल फिरवायला बघतंय, चाक हलत नाही, मग ॲक्सलभोवती ट्रॅक्टरचं धड फिरतं. पुढची चाकं उचलतात आणि गाडी चालकावर मागे पडते. लो असेल तर इंजिन दबून बंदही पडत नाही, ते शांतपणे गाडी उलथवतं. क्लच दाबायला वेळ मिळत नाही. जुन्या गाड्यांना डोक्यावर रोल बारही नसतो.

रुतलेली गाडी पुढे काढायचीच असेल तर दुसऱ्या गाडीने, लांब दोराने, आणि दोर खालच्या ड्रॉबारलाच (ट्रॉली जोडायच्या दांडीलाच). वरच्या टॉपलिंकच्या जागी बांधला तरी तोच प्रकार होतो.

---

लाल मॅसी

चिखलणीला मग लो लागतो की नाही? आमच्याकडे केज व्हील (लोखंडी पिंजऱ्यासारखी चाकं) लावून, मागे फळी ओढून चिखलणी करतो.

---

कुणगो

नुसत्या केज व्हीलाक लो नको. चाकानच चिखल घुसळूचो आसता, चाक जरा पळाक होया. रोटाव्हेटर आसलो तर लो.

---

खाडीपलीकडे

मेस्त्रीकाका, नवीन प्रश्न आला. लो वापरून बघितल्यावर हायड्रॉलिकचं तेल तपासलं. डिपस्टिकवर ताकासारखं पांढरं. गेल्या पावसात पडवीत पागोळ्या पडत होत्या. हे जादा बॉक्समुळे असेल का?

---

दापोलीचा मेस्त्री

पाणी आहे. कोकणात जुन्या ट्रॅक्टरचे गिअर झिजण्याआधी पाण्याने मरतात, हे माझं वर्षानुवर्षांचं बघणं आहे. तुमच्या गाडीत गिअरबॉक्स, मागचा ॲक्सल आणि हायड्रॉलिक यांचं तेल एकच. जादा बॉक्सही त्याच तेलात बुडतो. म्हणजे एका ठिकाणी शिरलेलं पाणी चारही ठिकाणी पोचतं. आणि एका गिअरचा तुटलेला कण हायड्रॉलिक पंपापर्यंत जातो.

पाणी बहुतेक वेळा दांड्याच्या मुळाशी असलेल्या रबरातून जातं. मूळ गाडीला एक रबर, तुमच्या गाडीला दोन. जादा दांड्याचं रबर कुणी कधी बदललेलं नसतं, कारण ते कुठल्याच यादीत नाही. मोटारीच्या दुकानात गिअरच्या दांड्याची रबरी टोपी मिळते, भोक लहान असलेली घेऊन क्लिपने आवळा. पावसाळ्यात वरून प्लास्टिकची पिशवी उलटी बांधून ठेवायलाही लाजू नका.

काढायची पद्धत अशी. रात्रभर गाडी हलवू नका. पाणी जड, ते तळाला बसतं. सकाळी पांढऱ्या पातेल्यावर खालचा बोल्ट हळूच सैल करा, आधी पाणी येईल, मग गढूळ तेल. तुमचं तेल पूर्ण पांढरं झालंय, तेव्हा वरचं चांगलं असेल अशी आशा नको, सगळंच काढा. मॅन्युअलमधल्या ग्रेडचं तेल भरा. जादा कडीला वेगळा निचऱ्याचा बोल्ट आहे का बघा. असेल तर तोही खोला, तिथेच पाणी अडकून राहतं.

आणि पातेल्यात तळाला काय बसतं ते चुंबक फिरवून बघा. करडी मऊ पेस्ट आली तर ती नेहमीची झीज. नखाएवढा चकचकीत तुकडा आला, आणि त्याला एक सरळ धार असेल, तर तो दात आहे. मग मात्र लो वापरू नका आणि बॉक्स खोलायची वेळ आली असं समजा.

---

खाडीपलीकडे

तेल काढलं. पाणी बरंच निघालं. चुंबकाला नुसती पेस्ट लागली, तुकडा एकही नाही. कडीला खरंच वेगळा बोल्ट होता, रंगाखाली झाकलेला, आणि तिथून पहिल्यांदा निव्वळ गंजाचं पाणी आलं. दोन्ही दांड्यांना नवी रबरं बसवली. थोडा वेळ चालवून ते तेलही काढून टाकलं आणि पुन्हा नवीन भरलं. आता डिपस्टिक स्वच्छ आहे. लो टाकून ओढून बघितलं, दांडा जागचा हलत नाही.

ओतीव आकडाही सापडला. शेवटचे दोन अंक झिजलेत, बाकी वाचता येतात. फोटो धाग्यात चढवतोय, कुणाला ओळखला तर सांगा.

आता फवारणीचं राहिलं. कलमं दहा-दहा मीटरवर आहेत, जुनी, उंच. माणूस मागे चालत पाइप धरतो. कुठल्या गिअरला चालवू?

---

दापोलीचा मेस्त्री

पहिला लो. तुमचाच आकडा आहे, त्या रेसला ताशी एक किलोमीटर. पंपाला लागणारी रेस आधी ठरवा, दाबाचा काटा स्थिर होतो ती. ती थोडी जास्त असेल तर गाडीही त्या प्रमाणात थोडी जास्त पळेल, पण पाइपवाल्याला झेपेल. पीटीओ तुमच्या गाडीत क्लचवर आहे, म्हणजे झाडाजवळ थांबायला क्लच दाबलात की पंपही थांबेल. म्हणून झाडाशी थांबायचं असेल तर क्लच दाबून मुख्य गिअर न्यूट्रल करा, मग क्लच सोडा. गाडी उभी, पंप चालू. निघताना परत क्लच, परत पहिला. जादा दांडा दिवसभर लोलाच राहू दे, त्याला मधे हात लावायचं कारण नाही. ही पद्धत सपाट वाफ्यातच. बाग उतरणीवर असेल तर न्यूट्रलला उभ्या गाडीच्या चाकाला प्रत्येक वेळी दगड लावणारा दुसरा माणूस हवा. तो नसेल तर टाकी वरच्या बाजूला उभी करून लांब पाइपने फवारा.

---

खाडीपलीकडे

बाग निम्मी सपाट आहे, निम्मी उतरणीवर. उतरणीवरच्या झाडांना लांब पाइपनेच करतो.